अक्षताच्या नावावर पंचवीस एमबी

मी एक जुना सर्व्हर आहे. एवढं सांगून मित्रांनो, मी जरा अडखळतो. तुमच्यापैकी पुष्कळांना सर्व्हर म्हणजे काय हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. ज्यांना माहीत नाही त्यांना ते माझ्याकडून नीट समजेल, याची मला खात्री नाही. तरी सांगतो. एका खोलीत बारा संगणक असतात आणि त्यांच्यावर काम करणाऱ्या मुलांचं सगळं लिहिलेलं एकाच मोठ्या संगणकाच्या पोटात ठेवलं जातं. ते पोट माझं.

सध्या मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या भांडारात आहे. माझ्या उजव्या हाताला रसायनशास्त्राच्या फुटक्या चंबूंचं खोकं आहे आणि डोक्यावर गुंडाळलेले नकाशे आहेत. नकाशांचा भार फार नाही, पण इतक्या वर्षांनी तोही जाणवतो. मला कान नाहीत. मग माणसांचं बोलणं मला कसं ऐकू आलं, असं कुणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही. काही आठवणी आहेत, एवढंच म्हणतो. त्यातही काही इकडेतिकडे झालं असेल तर सांभाळून घ्या.

मला १९९९ साली राजारामपुरीतल्या एका दुकानात जुळवलं. पेटी मुंबईहून आली होती, डिस्क कुठून आली ते मला माहीत नाही. दुकानातल्या माणसानं माझ्यावर लिनक्स नावाची प्रणाली चढवली, एका रिक्षात मांडीवर घेऊन मला कॉलेजात आणलं आणि भूगोल विभागाच्या संगणक खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं. विभागप्रमुखांनी नारळ फोडला. त्याचं पाणी माझ्या पायाशी आलं तेव्हा एक माणूस धावत फडकं घेऊन आला. ते जोतीराम, मुलांचे मामा.

जोतीराम आधी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. वीस वर्षं त्यांनी मुलांना काचेची भांडी दिली आणि परत घेतली. मग त्यांची बदली इकडे झाली. पंधरा दिवसांचं शिक्षण आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक एवढ्या भांडवलावर ते मला सांभाळू लागले. माणूस उंच आवाजाचा, पण हात हलका. खंडेनवमीला त्यांनी मला झेंडूची माळ घातली ती नेमकी पंख्याच्या जाळीवर. दुपारी मी तापून बंद पडलो. तेव्हा ते सगळ्यांसमोर मलाच म्हणाले, "आरं, माळ बी सोसंना व्हय तुला? एवढा कसला नाजूक?" पुढच्या वर्षीपासून माळ मागच्या खिळ्याला असे.

पहिली दोन वर्षं माझं कौतुक झालं. पाहुणे आले की त्यांना माझ्यापुढे उभं करत. मग नवलाई संपली आणि गर्दी वाढली. बारा संगणक आणि साठ मुलं. माझी डिस्क भरत चालली. कुणी गाणी ठेवी, कुणी वधूवरांचे फोटो. म्हणून विभागप्रमुखांनी प्रत्येकाचा कोटा ठरवून दिला. प्रत्येकाला माझ्या पोटात वीस एमबी. वीसच्या पुढे गेलात तर सात दिवस मी चालवून घेईन, तेही पंचवीसपर्यंत. सात दिवसांत खाली आला नाहीत तर मग एक अक्षरही नवं घेणार नाही. पत्रंसुद्धा नाही, कारण ईमेलची पेटीही त्याच डिस्कवर होती आणि तीही त्याच वीसमध्ये धरायची होती. जोतीराममामांनी एकदा एका मुलाचा कोटा वाढवून दिला, तर दुसऱ्या दिवशी दाराशी रांग लागली. तेव्हापासून माझ्या कपाळावर विभागप्रमुखांच्या सहीचा कागद चिकटला: कोणाचाही कोटा वाढवून मिळणार नाही.

हे काम मला आवडायचं का? खरं सांगू, मला त्याचं ओझं वाटायचं. नाही म्हणणं माझ्या स्वभावात नव्हतं. पण मला मोजायला सांगितलं होतं आणि मी मोजत होतो.

आता अक्षताविषयी.

अक्षता कोडोलीची. तिथल्या बौद्ध वस्तीत तिचं घर. वडील अण्णासो, तिचे आबा, दुसऱ्यांच्या रानात काम करायचे आणि संध्याकाळी लेकीबरोबर विहिरी मोजायला जायचे. कारण एम.एस्सी.साठी तिनं विषयच तो घेतला होता. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या चौसष्ट विहिरी, दर पंधरा दिवसांनी प्रत्येकीतलं पाणी किती खाली गेलं ते दोरी सोडून मोजायचं, असं दीड वर्ष. ते आकडे ती माझ्यात लिहून ठेवी. माझ्याकडे फार लोकांनी फार काही ठेवलं, पण इतके नेटके आकडे मी पुन्हा पाहिले नाहीत. अर्थात मी काही जाणकार नाही.

पुण्यातल्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेकडे तिनं अर्ज केला होता. जागा एकच, दोन वर्षांची. निवड झाली तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ईमेल येईल आणि आठ दिवसांत होकार कळवायचा, असं त्यांनी सांगितलं होतं. मार्चपासून अक्षता सकाळी आल्या आल्या आधी पेटी उघडून बघायची, मग बाकीचं काम.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी यायची. कोडोलीहून पहिली एसटी, आणि आठला खोली उघडायच्या वेळी ती दारात. खोलीचा नियम असा की ज्याचं नाव टाकून संगणक उघडलेला आहे, तो संगणक त्या तासाला त्याचा. नऊ वाजता गर्दी झाली की जागा मिळत नसे. मग अक्षता काय करायची, तर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी ती जागा धरायची. एका संगणकावर स्वतःचं नाव आणि पासवर्ड टाकायचा, मग शेजारच्यावर, मग त्याच्या शेजारच्यावर. चार संगणक तिच्या नावानं उघडे. नऊला मैत्रिणी, मित्र आले की आपापल्या खुर्चीवर बसत.

"आलीस काय? बस, तुझी गरम करून ठेवलीय," ती दानेश्वरीला म्हणायची. दानेश्वरी गडहिंग्लजकडची, वसतिगृहात राहणारी. ती डब्यातली शेंगाचटणी निम्मी अक्षताला द्यायची आणि म्हणायची, "हे तुझं भाडं गं अव्वा." इचलकरंजीचा रुद्रेश तिसऱ्या खुर्चीवर. त्याचा विषय यंत्रमागांच्या शेड कुठं कुठं वाढल्या हा, आणि त्याच्याकडे फोटो ढीगभर. चौथी खुर्ची वर्षाराणीची. ती फार बोलत नसे.

पासवर्ड कुणाला सांगू नका, असं भिंतीवर लिहिलं होतं आणि अक्षतानं तो खरंच कुणाला सांगितला नाही. प्रत्येक वेळी ती स्वतः उठून स्वतःच्या हातानं टाकायची. नियम तिनं पाळला होता, ही गोष्ट मला अजून खटकते.

कारण मी कसा मोजतो? फाईल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते मी बघत नाही. ती लिहिली गेली तेव्हा संगणक कुणाच्या नावानं उघडा होता, ते बघतो. रुद्रेशनं आपले मागांचे फोटो सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवले, तो आपल्या फोटोंना 'रुद्रेश' असं नाव देई, पण ते लिहिणारा हात माझ्या लेखी अक्षताचा होता. दानेश्वरीचे उसाचे नकाशेही अक्षताचे. वर्षाराणीचे तक्तेही अक्षताचे. वर्षभर हे साठत गेलं.

१ एप्रिल २००२ ला अक्षताचे वीस एमबी ओलांडले गेले. मी सूचना दिली. मला फक्त इंग्रजीत सूचना देता येत असे, आणि जिथे लिहिणं चाललंय त्याच पडद्यावर. त्या वेळी लिहिणं चाललं होतं रुद्रेशच्या पडद्यावर.

"हे काय आलं रं?" शेजारून दानेश्वरीनं विचारलं.

"काय न्हाय, सारखं कायतरी येतंय," असं म्हणून रुद्रेशनं एंटर दाबलं.

सात दिवसांत मी अकरा वेळा सूचना दिली. अकराही वेळा एंटर दाबलं गेलं. त्यांना दोष देत नाही. इंग्रजी ओळ दिसली की एंटर दाबायचं, ही सवय त्या खोलीत सगळ्यांना होती. जोतीराममामांनाही.

सोमवारी, ८ तारखेला, अक्षतानं एका विहिरीचे नवे आकडे लिहिले आणि ते ठेवायला गेली. मी घेतले नाहीत. तिनं पुन्हा ठेवले. मी पुन्हा घेतले नाहीत.

"मामा, फाईल ठेवून घेत न्हाय."

जोतीराममामांनी माझ्याकडे येऊन कोटा विचारला. मी सांगितलं, पंचवीस. ते हसले. "बग की, पोटभर खाल्लंयस. फोटो ठेवलं असशील शाहरुख का कुणाचं. काढून टाक."

"माझ्याकडं एक बी फोटो न्हाय मामा."

"मग पंचवीस एमबी काय विहिरींचं पाणी हाय व्हय?"

सगळे हसले. अक्षताही थोडी हसली. मग तिनं जुनी टिपणं काढून टाकली. आधीची सगळी पत्रं काढली. अहवालाचे पहिले तीन खर्डे काढले. शेवटी दीड वर्षाचे आकडे दोन फ्लॉपींवर उतरवून घेतले आणि तेही माझ्यातून काढून टाकले. मला ते सांगायला हवं होतं, की हे तुझं सगळं मिळून चार एमबीसुद्धा नव्हतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि ठरलेल्या सूचना सोडल्या तर विचारल्याशिवाय बोलायची सोय माझ्यात नाही. तिचा फोल्डर रिकामा झाला. माझ्या हिशेबात तिच्या नावावर अजूनही एकवीस होते. वीसच्या खाली आल्याशिवाय मला दार उघडता येत नव्हतं.

जोतीराममामा म्हणाले, "आता ह्यो गडीच चुकतोय." गडी म्हणजे मी.

मंगळवारी त्यांनी मला बंद करून चालू केलं. खोलीतल्या कुठल्याही यंत्रावर त्यांचा हा पहिला उपाय असे. काही फरक पडला नाही. मग त्यांना वाटलं, गेल्या महिन्यात दोनदा वीज गेली तेव्हा मी धाडकन बंद पडलो होतो, त्यात माझा हिशेब बिघडला असेल. अंदाज काही वाईट नव्हता. असं होतं खरं. पुस्तकात बघून त्यांनी बुधवारी सगळ्या मुलांना बाहेर काढलं आणि मला पहिल्यापासून मोजायला लावलं. मला चाळीस मिनिटं लागली. प्रत्येक फाईल उचलायची, कुणाची ते बघायचं, बेरीज करायची. माझी डिस्क तेव्हाच कुरकुरायला लागली होती. शेवटी मी उत्तर दिलं, अक्षता, एकवीस.

"परत एकवीसच," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

दरम्यान एक गोष्ट घडली होती, ती फक्त मला माहीत होती. मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पुण्याहून अक्षताच्या नावानं पत्र आलं. मी पेटी उघडायला गेलो. तिच्या नावावर एक अक्षर घ्यायची मला परवानगी नव्हती. नियमाप्रमाणे मी ते परत पाठवलं. बुधवारी दुपारी तेच पत्र पुन्हा आलं. मी पुन्हा परत पाठवलं. त्यात काय लिहिलं होतं मला माहीत नाही, परत पाठवताना मी पत्र वाचत नाही. माझ्या रोजच्या नोंदवहीत मी फक्त दोन ओळी लिहिल्या. कुणाकडून, कुणाला, का परत. त्या नोंदी मी चार-पाच आठवडे ठेवतो आणि मग पुसून टाकतो.

गुरुवारी सकाळी जोतीराममामा चहा पिताना एकदम थांबले. रसायनच्या खोलीतून एक शिपाई फुटलेल्या ब्युरेटची, मोजमापाच्या एका काचनळीची, चौकशी करायला आला होता. ती कुणी फोडली असेल, असं तो विचारत होता.

"कुणी फोडली ते सोड," मामा म्हणाले. "वहीत सही कुणाची हाय ते बघ. भांडं दुसऱ्यानं नेलं तरी मी सहीवाल्यालाच धरायचो की." आणि मग पेला तसाच ठेवून ते माझ्याकडे वळले. "आरं तिच्या! हिची सही कुठं कुठं हाय ते बघाय पायजे. मी नुसतं हिचं कपाट बघायलोय."

त्यांनी पुस्तक उघडलं आणि एका बोटानं ओळ लिहिली. सगळ्या डिस्कवर जे जे अक्षताचं आहे ते दाखव. तीन दिवस मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होतो. पडदा भरून वाहू लागला. शेड क्रमांक एक, शेड क्रमांक दोन, शेड क्रमांक एकशे चाळीस, हिरण्यकेशीकाठचा ऊस, वर्षाराणीचे तक्ते.

चौघंही भोवती उभी होती.

"अय्यो!" दानेश्वरी म्हणाली. "आमचं सगळं हिच्या डोक्यावर?"

"तू जागा धरलीस म्हणून आम्ही बसलो," रुद्रेश म्हणाला, पण त्याचा आवाज पडला होता.

जोतीराममामांनी अक्षताकडे पाहिलं. "तुझ्याच नावावर हायत. उडवू काय? एक बटण दाबलं की मोकळी होतीस."

"नको मामा. ह्यांचं वर्षभराचं काम हाय ते. तीस तारखेला ह्यांना बी अहवाल द्यायचाय."

मग एकेक फाईल ज्याची त्याच्या नावावर चढवत बसले. दुपारी दोन वाजले. रुद्रेशचा कोटा लगेच ओलांडला गेला आणि त्याला आपल्या शेड निवडून काढून टाकाव्या लागल्या. "हे बघ, आमच्या काकांचीच शेड चाललीय," तो म्हणाला तेव्हा पुन्हा सगळे हसले. अक्षताच्या नावावर काहीच उरलं नाही. तिनं फ्लॉपीवरून आकडे परत माझ्यात आणले. एक फ्लॉपी वाचता येत नव्हती. त्या विहिरी तिनं वहीतून बघून पुन्हा लिहिल्या, दानेश्वरीनं आकडे वाचून दाखवले.

काम संपल्यावर तिनं पेटी उघडली. पेटी रिकामी होती.

"मामा, ह्या तीन दिवसांत माझं काय आलं असंल तर?"

जोतीराममामा थकले होते. जेवायचेही राहिले होते. ते म्हणाले, "आलं असतं तर दिसलं असतं की. काय न्हाय आलेलं."

मित्रांनो, तेव्हा त्यांनी माझी नोंदवही उघडली असती तर पहिल्याच पानावर ते सापडलं असतं. त्यांच्यापासून माझ्यापर्यंत अंतर दोन हात होतं. पण त्यांना खरंच तसं वाटत होतं. जे पेटीत नाही ते आलं नाही, असं कुणालाही वाटेल. मलाही, मी त्यांच्या जागी असतो तर, बहुधा तसंच वाटलं असतं.

पंधरा एप्रिल गेली. अक्षता रोज पेटी बघत राहिली. वीस तारीख गेली. मग ती पेटी बघायची बंद झाली आणि माझ्यातले तिचे आकडे उघडून बसू लागली. एकेक विहीर, एकेक तारीख, वहीशी ताडून. मला कळेना, तीनतीनदा तपासलेलं ही पुन्हा का तपासते. तीसला तिनं अहवाल दिला आणि ती कोडोलीला गेली. खोलीत आता परीक्षेपुरती मुलं होती.

११ मे, शनिवार. एका प्राध्यापकांचं कुठलंसं पत्र पोचलं नव्हतं आणि त्यांनी जोतीराममामांना बोल लावला होता. मामांनी चिडून पुस्तक काढलं आणि पहिल्यांदाच माझी नोंदवही उघडली. सगळ्यात जुन्या पानापासून, बोट पडद्यावर ठेवून, ओळ ओळ. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि रविवारी ते सगळ्यात जुनं पान मी पुसणार होतो. मी काही करू शकत नव्हतो. फक्त दाखवत होतो.

बोट एका ओळीवर थांबलं. मग खाली दुसऱ्या ओळीवर. जोतीराममामांनी त्या दोन ओळी कागदावर छापून घेतल्या, घडी केली, खिशात ठेवली. पुन्हा काढून वाचल्या. मग फोन उचलला. अक्षतानं कॉलेजच्या प्रवेशअर्जावर शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर दिलेला होता.

"हॅलो, कोडोली का? अण्णासोंच्या अक्षताला बोलवा की जरा. कॉलेजातनं बोलतोय... रानात गेलीया? आल्यावर सांगा, सोमवारी पहिल्या गाडीनं ये म्हणावं. व्हय, व्हय. काळजीचं न्हाय." फोन ठेवल्यावर ते स्वतःशीच म्हणाले, "काळजीचंच हाय."

सोमवारी ती आली. मामांनी आधी काही सांगितलंच नाही, नुसता कागद तिच्या हातात दिला. तिनं उभ्याउभ्या वाचला.

"मी न्हाय म्हटलं हुतं तुला," जोतीराममामा म्हणाले. "न बघता म्हटलं. पुण्याला फोन लाव. आत्ताच्या आत्ता लाव, दहा वाजलेत."

फोन माझ्याच टेबलावर होता. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, जे अक्षता बोलली तेवढंच सांगतो.

"मॅडम, मी कोल्हापूरहून अक्षता बोलतेय. विहिरींच्या पाण्याचा अर्ज... हो, तीच... हो मॅडम, मला कळलं, दोनदा परत आलं ते. माझी पेटी भरली होती... नाही, पत्ता बरोबरच होता मॅडम. मी खोटा पत्ता कशाला देईन?... आज बघितलं. आजच कळलं... एक तारखेला? ते रुजू पण झाले?... बरं." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. "पहिलं? माझं?... हो मॅडम. पुढच्या वर्षी जागा निघाली तर करीन अर्ज. थँक्यू मॅडम."

तिनं फोन ठेवला. जोतीराममामा भिंतीकडे बघत होते.

"गेली ना जागा?"

"गेली मामा. दुसऱ्यांना दिली."

"माझ्यामुळं गेली गं पोरी."

अक्षता खुर्चीवर बसली. ती चौघांच्या नेहमीच्या खुर्च्यांपैकी पहिली होती, पण आज बाकीच्या रिकाम्या होत्या. तिनं तो कागद पुन्हा उलगडला.

"यादीत माझं नाव पहिलं होतं म्हणाल्या," ती म्हणाली. "मामा, महिनाभर मी सगळ्या विहिरी परत तपासत बसलेय. वाटलं, कुठंतरी माझं मोजायचं चुकलं असणार, म्हणून घेतलं न्हाय. आबांना पण म्हटलं, तुमची दोरी आखडली असंल. ते परवा नवीन दोरी घेऊन परत मोजाय गेलते." तिनं कागदावरून बोट फिरवलं. "कुठं चुकलं नव्हतं."

जोतीराममामांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"हा कागद मी नेऊ काय? आबांना दाखवायचाय."

"ने की. मला इचारतीस काय?"

ती कागद घेऊन गेली. जून महिन्यात नियमाप्रमाणे तिचं नाव माझ्यातून काढलं गेलं. पुढच्या वर्षी तिनं अर्ज केला का, पुण्याला गेली का, मला सांगता येणार नाही. चांगलं काही झालं असावं असं म्हणावंसं वाटतं, पण माहीत नसलेलं सांगण्याची मला भीती वाटते.

जोतीराममामांनी त्यानंतर ईमेलच्या पेट्या वेगळ्या डिस्कवर नेल्या. इंग्रजी सूचनेचा अर्थ मराठीत हातानं लिहून प्रत्येक संगणकावर चिकटवला. आणि ते निवृत्त होईपर्यंत, सात वर्षं, रोज सकाळी पहिला चहा घेताना माझी नोंदवही वाचत. कुणाचं पत्र परत गेलेलं दिसलं की त्या मुलाच्या वर्गाच्या दारात जाऊन त्याला हाक मारत, तास चालू असला तरी. प्राध्यापक रागावत. त्यांना फरक पडत नसे. ते गेले त्याच वर्षी माझ्या जागी नवीन यंत्र आलं आणि मी इकडे आलो. नवी नोंदवही कुणी वाचतं का, कोण जाणे.

मित्रांनो, मी फार शहाणा नाही. मोजायचं आणि सांगितलं तेवढं करायचं, यापलीकडे मला काही आलं नाही, आणि तेही नेहमी बरं झालं असं नाही. तुम्हाला उपदेश करायचा माझा अधिकार किती, याचीही शंका आहे. तरी एक विनंती करतो. यंत्र काही सांगत असेल तर एंटर दाबण्याआधी एकदा वाचा, कळलं नाही तर कुणाला तरी विचारा. आणि एखाद्यानं तुमच्याकडे येऊन विचारलं, माझं काही आलं होतं का, तर तुम्ही दमलेले असलात तरी, जेवायचे राहिले असलात तरी, नाही म्हणण्याआधी उठून बघा. फार वेळ लागत नाही. ती ओळ बत्तीस दिवस माझ्यापाशी होती.